सर्व्हेचा आकडा चांगला, तरी माणसं सोडून का चालली?

प्रश्न

प्रिय ताई,

मी डिचोली तालुक्यातली, वय ३०. एमबीए करून सहा वर्षं झाली, वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत एचआरमध्ये आहे. आमच्याकडे दरवर्षी 'एंगेजमेंट सर्व्हे' होतो, म्हणजे माणसांचा कामात जीव किती लागतो याची पाहणी. मागच्या वर्षी पॅकिंग विभागाला पाचपैकी ४.६ मिळाले, म्हणजे अख्ख्या कंपनीत पहिला नंबर. त्याच वर्षी सगळ्यांत जास्त राजीनामे त्याच विभागातून आले. मीटिंगमध्ये मी हे बोलून दाखवलं तर साहेब म्हणाले, "आकडा चांगला आलाय ना, मग उकरून काढायला कशाला जातेस?" पुढे एकदा कंपनीच्या बसमध्ये पॅकिंगमधली एक बाई शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाय, टॅब सुपरवायझराच्या हातात होता. तोच विचारणार आणि तोच बटण दाबणार. आम्ही काय सांगणार?"

तेव्हापासून वाटतंय, यावरच पीएचडी करावी. माणसांचं आरोग्य, त्यांचं मन, कामात त्यांचा जीव लागतो की नाही, याचा नीट अभ्यास करावा आणि पुढे शिकवावं, संशोधन करावं. बाबा खाण कंपनीत टाइमकीपर होते. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हाचे दिवस त्यांनी काढलेत. 'पर्मनंट नोकरी सोडून विद्यार्थी व्हायचं हे वय आहे का,' असं त्यांचं म्हणणं. आई म्हणते आधी लग्न, मग काय ते शिक. घरदुरुस्तीच्या कर्जाचा अर्धा हप्ता मी भरते. साहेबांना चाचपून पाहिलं तर ते म्हणाले, "हा काय पीएचडीचा विषय? योग दिन करा, फळं वाटा, झालं." आणि वर म्हणाले, करायचीच असेल तर आपल्याच कंपनीवर कर, पाच वर्षांचा डेटा देतो.

हा खरंच अभ्यासाचा विषय आहे का? गोव्यात राहून होईल का? नोकरी सोडू का? आणि साहेबांचा डेटा घेऊ का?

एक वाचक, डिचोली

उत्तर

पीएचडी कर. नोकरी इतक्यात सोडू नकोस. आणि साहेबांचा डेटा घेऊ नकोस. आता कारणं सांगते, म्हणजे घरी आणि ऑफिसात बोलताना तुझ्या हाताशी काहीतरी असेल.

आधी विषयाचं. तुझ्या साहेबांना तो फळं वाटण्याचा वाटतो, कारण त्यांनी त्याचं तेवढंच टोक पाहिलंय. १९९० साली विल्यम कान या अमेरिकन संशोधकाने दोन ठिकाणच्या माणसांचा अभ्यास केला. एक होतं मुलांचं उन्हाळी शिबिर, दुसरी वास्तुविशारदांची एक फर्म. त्याचा प्रश्न साधा होता: तेच काम करताना माणूस एखाद्या वेळी स्वतःला त्यात ओततो आणि एखाद्या वेळी फक्त हजेरी लावतो, हे कशामुळे होतं? त्याला तीन गोष्टी सापडल्या. कामाला काही अर्थ आहे असं वाटायला हवं. मनातलं बोललं तर आपलं नुकसान होणार नाही याची खात्री हवी. आणि अंगात आणि मनात तेवढी ताकद शिल्लक असायला हवी. आज जगभरच्या कंपन्या 'एंगेजमेंट' म्हणून जे मोजतात त्याचं मूळ इथे आहे. आता पॅकिंग विभाग डोळ्यांसमोर आण. सुपरवायझर हातात टॅब घेऊन उभा आहे, तोच विचारतोय, तोच दाबतोय. दुकानदाराचं बोट काट्यावर असताना केलेलं हे वजन. ४.६ या आकड्यात माणसांचं समाधान किती आणि भीती किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. मोजमाप आणि वास्तव यांच्यातली ही फट तू सहा वर्षांच्या नोकरीत, कोणी न शिकवता पकडलीस. पीएचडीला येणाऱ्या कितीतरी मुलांकडे पहिली दोन वर्षं असा एकही प्रश्न नसतो.

पीएचडी होईपर्यंत थांबू नये असं एक काम याच ठिकाणी सांगते. पुढचा सर्व्हे सुपरवायझरच्या हातून काढून घेणं तुझ्या आजच्या खुर्चीतून जमण्यासारखं आहे. कागदी फॉर्म ठेव, कुलूपबंद पेटी ठेव, ती कँटीनमध्ये ठेव, आणि फॉर्मवर वय, लिंग, विभाग, नोकरीची वर्षं हे सगळं एकत्र विचारू नकोस. सहा जणांच्या सेक्शनमध्ये '४५ वर्षांची बाई' म्हटलं की नाव लिहायची गरज उरत नाही. आकडा खाली येईल. साहेबांना त्याची आधीच कल्पना देऊन ठेव. आणि बसमधली ती बाई कोण, हे कुठेही, कोणालाही सांगू नकोस.

बाबांना सांगायला मात्र विल्यम कानच्या अभ्यासापेक्षा दुसरा एक अभ्यास चांगला. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, आणि त्याचा दुसरा टप्पा १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्री-पुरुषांवर. सगळे ऑफिसात बसणारे. कोणी खाणीत उतरत नव्हतं, कोणी रसायनं हाताळत नव्हतं, नोकरी पक्की, पोटाची भ्रांत नाही, सरकारी दवाखाना सगळ्यांना एकच. तरीही हुद्दा एकेक पायरी खाली उतरला की हृदयविकार वाढत गेलेला दिसला. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी फरक पूर्ण मिटेना. मग दुसऱ्या टप्प्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली: स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती आहे. कुठलं काम आधी करायचं, कधी थांबायचं, कसं करायचं, हे ज्यांच्या हातात कमी, त्यांचं हृदय जास्त धोक्यात. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की कामाचा बोजा मोठा आणि ताबा थोडा, ही जोडी माणसाला सगळ्यांत जास्त पोखरते.

ही पुस्तकातली गोष्ट राहत नाही, पॅकिंग लाइनवर जाऊन उभी राहा. गोळ्यांच्या पट्ट्या मशिनच्या वेगाने समोरून जातात. तो वेग लाइनवरची बाई ठरवत नाही. तिला बाथरूमला जायचं तर बदली माणूस यायला हवा, तोवर थांबायचं. आणि जायचं म्हणजे गाऊन, टोपी, हातमोजे उतरवा आणि परत चढवा. 'पाळीत पाणी किती पिता?' असं एखादीला विचारून बघ. हा एकच प्रश्न तुमच्या सर्व्हेतल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जाईल. तीच बाई पहाटे साडेपाचला डिचोलीत किंवा वाळपईत बसची वाट बघत उभी असते, म्हणजे चुलीपाशी ती चारलाच उठलेली असते. तिच्या थकव्यावर उपाय म्हणून आपण २१ जूनला तिच्याकडून योगासनं करून घेतो.

हे मी योगाच्या विरोधात बोलत नाही. पण या क्षेत्रात आज जो खरा वाद आहे तो इथेच आहे, आणि त्यात तुला बाजू घ्यावी लागेल. माणसाला घट्ट करायचं की काम बदलायचं? इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये स्वतःच्या जवळजवळ पाच हजार कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला आरोग्य तपासणी, वर्ग, वर बक्षिसाचे पैसे, असा अख्खा वेलनेस कार्यक्रम दिला, दुसऱ्याला काही नाही. उपचारांवरचा खर्च, आजारपणाच्या सुट्या, व्यायामाची सवय, कशातही म्हणावा असा फरक पडला नाही. मात्र त्याच माहितीत 'कार्यक्रमाला आलेले' आणि 'न आलेले' अशी तुलना केली, जशी प्रत्येक कंपनी आपल्या वार्षिक अहवालात करते, तर कार्यक्रम फारच यशस्वी दिसत होता. कारण उघड आहे, आलेले लोक आधीपासूनच जास्त निरोगी होते. संशोधन शिकायचं ते कशासाठी, हे एवढ्या एका उदाहरणावरून कळावं. उद्या कोणी तुला योग दिनाचा आलेख दाखवला की पहिला प्रश्न तू हाच विचारशील: आले कोण होते?

ब्रिटनमध्ये २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. मनःशांतीचे वर्ग, ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, अॅप, असल्या गोष्टींत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्थितीत फरक दिसला नाही. तो एका वेळच्या पाहणीवर बेतलेला आहे, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मीच आधी सांगते. तरी माझं मत पक्कं आहे. ज्या कामात माणसं कमी आहेत, पाळीची वेळ आदल्या रात्री कळते आणि चतुर्थीची रजा सुपरवायझरच्या मर्जीवर आहे, त्या कामात माणसाला श्वास घ्यायला शिकवून भागत नाही. तू कामाच्या रचनेचा अभ्यास कर. ते अवघड आहे, त्यात मालकाला नको असलेली उत्तरं निघतात. म्हणूनच ते विद्यापीठात बसून, पगार दुसरीकडून घेऊन करायचं असतं.

आता साहेबांचा डेटा. 'पाच वर्षांचा डेटा देतो' हे ऐकून कोणाचंही मन पाघळेल. पण तू एचआर आहेस. बढती, बदली, रजा, वॉर्निंग लेटर, सगळ्या फायली तुझ्या टेबलावरून जातात. तू पुढे केलेल्या संमतिपत्रावर 'नाही' म्हणायची पॅकिंगमधल्या बाईची टाप आहे का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वरच्याच्या शब्दाबाहेर जाऊ न शकणाऱ्या माणसांना, म्हणजे नोकरदार, विद्यार्थी यांना, जादा संरक्षण द्या असं सांगतात, ते एवढ्याचसाठी. शिवाय हा डेटा ज्याने दिला तो उद्या निष्कर्ष बघून 'हे छापू नको' म्हणाला तर तुझी चार वर्षं त्याच्या खिशात. आणि मुळात तो डेटा त्या टॅबवरचा आहे! ज्या आकड्यांवर तुझा स्वतःचा विश्वास नाही त्यांच्यावर प्रबंध कसा उभा करणार?

नकार मात्र गोडीत दे. 'स्वतःच्या कंपनीवर केलं तर परीक्षक शंका घेतील, सर' एवढं पुरे, आणि ते खरंही आहे. गोडीत कशासाठी, तर तुला याच साहेबांकडून एक कागद लागणार आहे.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार नोकरी करता करता अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी कंपनीचं ना हरकत पत्र लागतं: अभ्यासाला परवानगी आहे, कामातून तेवढा वेळ मिळतो, आणि लागलं तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत, राखीव गटांना ५ टक्क्यांची सूट. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. हे शेवटचं वाक्य आईला वाचून दाखव. लग्न आधी की पीएचडी आधी, असा पेच नियमांनी घातलेला नाही. लग्न कधी करायचं ते तू ठरव, पण पीएचडी त्यासाठी अडवून धरायला कारण नाही.

नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दे. ती वर्षातून दोनदा होते, साधारण जून आणि डिसेंबरच्या सत्रात. २०२४ पासून तिचे गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात, मात्र त्यासाठी ते एकच वर्ष धरले जातात. तुझ्या पदवीला मॅनेजमेंटचा पेपर सरळ पडतो. लेबर वेलफेअर आणि एचआरचा स्वतंत्र पेपरही आहे, त्याचा अभ्यासक्रम काढून बघ, कामगार कायद्यांचं तुझं रोजचं ज्ञान तिथे कामी येईल. जेआरएफची, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपची, वयोमर्यादा ३० आहे, पण स्त्रियांना ५ वर्षांची सूट आहे. म्हणजे तुझं दार अजून उघडं आहे. फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. ती पूर्णवेळ संशोधकालाच मिळते. म्हणून म्हटलं, नोकरी 'इतक्यात' सोडू नकोस. जेआरएफ मिळाली तर कागद-पेन्सिल घेऊन बस, घराचा हप्ता ३७,००० मध्ये बसतो का ते बघ, आणि मग ठरव. नाही मिळाली तर अर्धवेळ सुरू कर. फेलोशिप हातात नसताना राजीनामा देऊन पूर्णवेळ बसायचं, हा एकच मार्ग मी तुला सुचवणार नाही. हप्ता चुकतोय ही चिंता घेऊन कोणाचंही वाचन होत नाही.

गोव्यात राहून होईल का? होईल. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाचं गोवा बिझनेस स्कूल आहे. साखळीचं गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट तर तुला घरापासून जवळ, तिथे डॉक्टरेट पातळीचा अभ्यासक्रम चालतो आणि आरोग्यसेवा व्यवस्थापन हाही त्यांचा विषय आहे. झुआरीनगरला बिट्स पिलानीचा कॅम्पस आहे. पण कॉलेजांच्या पाट्या बघून निवड करू नकोस. 'मॅनेजमेंट की सायकॉलॉजी?' हाही माझ्या मते दुय्यम प्रश्न. खरी निवड गाईडची.

याला पुरावा तुझ्याच क्षेत्रातला आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. साधारण तिघांत एकाला मानसिक आजाराचा धोका दिसला. त्याचा संबंध कशाशी होता, तर कामाचा बोजा, कामावरचा ताबा, घर आणि अभ्यासाची ओढाताण, आणि गाईडची वागण्याची पद्धत. म्हणजे पॅकिंग लाइन आणि पीएचडी यांना तेच नियम लागू पडतात. तेव्हा प्रवेश घेण्याआधी त्या गाईडच्या हाताखालच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठ. प्रकरण लिहून दिल्यावर किती दिवसांत परत मिळतं? पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं? गाईडच्या घरची कामं, परीक्षेचे पेपर तपासणं, असलं काही गळ्यात पडतं का? मोठं नाव असलेला आणि भेटच न देणारा गाईड नको. तुझा विषय थोडा बाजूला पडला तरी चालेल, पण आकडेशास्त्र पक्कं असलेला आणि फोन उचलणारा माणूस हवा. मी शिकवत होते त्या काळात चांगली मुलं अर्ध्यावर सोडून जाताना पाहिली आहेत, आणि हुशारी कमी पडली म्हणून गेलेलं त्यांत कोणी आठवत नाही.

आणि गोव्याला या कामात कमी लेखू नकोस. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इथे 'संगाथ' ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था सुरू केली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेवर उपचार होऊ शकतात का, हे त्यांनी गोव्यातल्याच दवाखान्यांत तपासलं. २०१० मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. आपल्या आरोग्य केंद्रांच्या बाकड्यांवर बसलेल्या माणसांशी बोलून ते झालं. पर्वरीला 'संगाथ'मध्ये एकदा जाऊन ये, क्षेत्रकाम करणारी माणसं प्रश्नावली कशी विचारतात ते बघ.

कामाच्या जागी तसा अभ्यास करायला इथे रान मोकळं आहे. परदेशात तयार झालेल्या प्रश्नावल्यांनी मनात धरलेला कर्मचारी बाराही महिने त्याच कंपनीत असतो. कळंगुट-कांदोळीतला हॉटेलमधला रूम बॉय ऑक्टोबरला येतो आणि पावसाच्या तोंडावर घरी जातो. त्याची 'कंपनीशी बांधिलकी' कशी मोजणार? मांडवीतल्या कॅसिनोंवर रात्रभर उभी राहणारी मुलं आहेत, मोपाच्या विमानतळावरच्या पाळ्या आहेत, ठेकेदाराकडून येऊन कंपनीच्याच मशिनवर काम करणारी आणि कंपनीच्या सर्व्हेत कधीच न मोजली जाणारी माणसं आहेत. तुझ्या पॅकिंगमध्ये त्यांतली किती आहेत, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आणि तुझ्या घरात तर हा विषय जेवायला बसतो. २०१२ ला खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि पुन्हा थांबल्या. नोकरी राहील की जाईल या टांगत्या अवस्थेचा शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतो, हा या क्षेत्रातला मोठा आणि जुना प्रश्न आहे. बाबा तुला विरोध करताहेत तो हट्टाने नव्हे. त्यांना ते दिवस आठवतात. त्यांच्याशी वाद घालण्याआधी त्यांना त्या वर्षांबद्दल विचार: झोप लागायची का, तब्येतीचं काय झालं, बरोबरीच्या ट्रकवाल्यांचं, मशीन ऑपरेटरांचं काय झालं. वही घेऊन बस आणि मध्ये बोलू नकोस. मुलाखत घ्यायला शिकायची ही चांगली सुरुवात आहे, आणि आपण ज्याला भितो तोच मुलीचा अभ्यासाचा विषय आहे हे त्यांना कळलं तर त्यांचा सूर बदलेल असं मला वाटतं.

नोकरीचं चित्र रंगवून सांगणार नाही. सहायक प्राध्यापकाची नियमित जागा मिळाली तर मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण त्या जागा कमी निघतात, आणि तोवर गोव्यातली कितीतरी शिकलेली मुलं लेक्चर बेसिसवर, कॉन्ट्रॅक्टवर वर्षानुवर्षं काढतात. दर जूनला नवा इंटरव्ह्यू, सुटीत पगार नाही. २०२३ च्या नियमानुसार सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट पुरते, पीएचडी ऐच्छिक आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती सेट, म्हणजे राज्य पातळीची पात्रता परीक्षा, तीही देऊन ठेव. इथल्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत १५ वर्षं रहिवासाचा दाखला आणि कोंकणीचं ज्ञान मागतात. बोलतेस ती घरात, पण देवनागरीत लिहायचीही सवय ठेव. तू मराठीतून शिकलीस म्हणून तिथे अडू नकोस. कॉलेज सोडूनही वाटा आहेत, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था आहेत, अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्था आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे. मात्र त्यासाठी गोवा सोडावा लागेल, त्याचा विचार आतापासून मनात असू दे.

हे सगळं ऐकूनही तू हेच करावंस असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून अंदाज काढला होता की २०१६ या एका वर्षात आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केल्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकाराने जगात ७ लाख ४५ हजार माणसं गेली. कामाच्या तासांनी माणसं मरतात, आणि आपल्याकडे वेर्ण्यात, कुंडईत, पिसुर्लेत कोण किती तास उभं आहे हे नीट, निर्भयपणे विचारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. ज्याने पॅकिंग लाइन आतून पाहिली आहे, शिफ्टच्या बसमधून प्रवास केला आहे आणि आकडेशास्त्रही शिकलं आहे, असा संशोधक विद्यापीठांना सहज मिळत नाही. तुझी सहा वर्षं वाया गेली असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

आकडेशास्त्राचा धसका असेल तर तो आताच काढ. 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. रविवारची सकाळ त्याला दे. कामात जीव किती लागतो हे मोजणारी, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टची प्रश्नावली शिक्षण-संशोधनासाठी विनामूल्य वापरता येते. तिची १७ प्रश्नांची मूळ आवृत्ती २००२ मध्ये आली, पुढे ९ आणि ३ प्रश्नांच्याही निघाल्या. ती काढून तुमच्या कंपनीच्या सर्व्हेशेजारी ठेव आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिही: हा कशाची मोजणी करतो, आणि माझ्या लाइनवरची बाई याला खरं उत्तर देईल का.

मग गाईडला पत्र लिही. एकच पान. वर तुझा प्रश्न, चार ओळींत: आकडा वर आणि माणसं बाहेर, असं कुठे आणि कधी होतं. मग तू कोणत्या कामगारांकडे जाऊ शकतेस, तुझ्या कंपनीबाहेरचे. मग काय वाचलंस आणि काय येत नाही. बायोडेटा जोड, बाकी भारूड नको. साहेबांचं ना हरकत पत्र तोंडी कबूल झाल्यावरच अर्ज भर, लेखी मिळाल्याशिवाय फी भरू नकोस. त्या पानाचा मसुदा तयार झाला की मला पाठव, वाचून कळवीन.